पाळी नियमित येते, तरीही एका बाजूची वाट बंद असू शकते

तुम्ही लिहिले आहे की तुमच्या १५ वर्षांच्या मुलीला पाळी सुरू होऊन दीड वर्ष झाले, पाळी महिन्याच्या महिन्याला येते आणि रक्तस्रावही बेताचा असतो. तरीही ओटीपोटात, विशेषतः उजव्या बाजूला, अशा कळा येतात की तिला उलट्या होतात, शाळा बुडते आणि पहिल्यांदा लागू पडलेल्या गोळ्यांचा आता उपयोग होत नाही. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली आणि ‘लग्नानंतर आपोआप थांबेल’ असे तुम्हाला सांगण्यात आले. गर्भाशयाच्या जन्मजात दोषामुळे असे दुखू शकते का, तो कसा शोधायचा आणि असा दोष निघाला तर तिला पुढे मूल होईल का, हे तुमचे प्रश्न आहेत. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि किशोरवयीन मुलींच्या पाळीच्या तक्रारी हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. मुलीला न तपासता निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण कोणत्या दिशेने शोध घ्यायचा, हे मात्र तुमच्या वर्णनावरून नक्की सांगता येते.

असा दोष असू शकतो. तो दुर्मीळ आहे, हेही तितकेच खरे. या वयातल्या बहुसंख्य मुलींच्या वेदनेमागे गर्भाशयाचा कोणताही दोष नसतो. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये सुटतात, त्यांनी गर्भाशय जोरात आवळले जाते आणि पोटात कळा येतात. मळमळ आणि जुलाबही त्यांच्यामुळेच होतात. हे दुखणे पाळी सुरू झाल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभराने, म्हणजे बीज नियमित सुटू लागल्यावर जाणवू लागते. ते रक्तस्रावाच्या थोडे आधी किंवा त्यासोबत सुरू होते, ओटीपोटाच्या मध्यभागी असते, दोन-तीन दिवसांत ओसरते आणि वेळेवर घेतलेल्या वेदनाशामक गोळीला बऱ्यापैकी दाद देते.

तुमच्या मुलीचे दुखणे या चित्रात नीट बसत नाही, म्हणून मी तुम्हाला थांबून राहू नका असे सांगत आहे. दुखणे एका बाजूला आहे. ते दर महिन्याला वाढत चालले आहे. पूर्वी लागू पडणारे औषध आता पडत नाही. याखेरीज एक गोष्ट तिला विचारून पाहा: रक्तस्राव थांबल्यावरही दुखणे चार-पाच दिवस रेंगाळते का? ही लक्षणे एकत्र आली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की पाळीचे सगळे रक्त खरोखर बाहेर येते आहे, की काही आतच साठते आहे?

पाळी नियमित येत असेल तर अडथळा असणे शक्यच नाही, असे पालकांना वाटते आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही वाटते. निदान वर्षानुवर्षे लांबते ते या समजुतीमुळेच. मुलगी पोटात असताना तिचे गर्भाशय एकसंध तयार होत नाही. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास उजवी आणि डावी अशा दोन नलिका तयार होतात. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. बाराव्या आठवड्यापर्यंत त्यांचा खालचा भाग एकमेकींना जुळून त्यातून गर्भाशय आणि योनिमार्गाचा वरचा भाग घडतो, आणि मधला पडदा विसाव्या आठवड्यापर्यंत विरून जातो. यातली कोणतीही पायरी अर्धवट राहिली तर गर्भाशयाचा आकार वेगळा होतो. असे काही ना काही वेगळेपण शंभरातल्या साधारण ५ ते ६ स्त्रियांत आढळते आणि त्यातल्या बहुतेकींना पाळीत काही त्रास होत नाही. दुखते ते एका बाजूला अस्तर असूनही रक्ताला बाहेर पडायला वाट नसेल तेव्हा. दोन मोऱ्यांच्या घरात एक मोरी व्यवस्थित वाहत असेल तर दुसरी तुंबली आहे हे बाहेरून कळत नाही, तसेच इथे होते: मोकळ्या बाजूने दर महिन्याला पाळी येते आणि बंद बाजूचे रक्त आतल्या आत साठत राहते.

अशा दोषांपैकी आधी सांगायला हवा तो ‘ओहविरा’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा विकार. जर्मन भाषेतील वैद्यकीय लेखनात १९७१ आणि १९७६ मध्ये त्याची वर्णने आली आणि ती करणाऱ्या तिघांच्या नावांवरून त्याला हेर्लिन-वेर्नर-वुंडरलिश असेही म्हणतात. यात दोन नलिका जुळतच नाहीत. त्यामुळे दोन गर्भाशये, दोन गर्भाशयमुखे आणि मध्ये पडदा असलेला योनिमार्ग अशी रचना होते आणि पडद्यापलीकडची एक बाजू खालून बंद असते. त्या बंद बाजूची किडनी जन्मतःच नसते किंवा अगदी खुरटलेली असते. हा योगायोग नाही. किडनी आणि मूत्रवाहिनी ज्या नलिकेपासून घडते ती म्युलरच्या नलिकेला अगदी लागून वाढते, त्यामुळे एका बाजूची घडण बिघडली की दोन्ही अवयवांना फटका बसतो. उजव्या बाजूला हा दोष डावीपेक्षा जास्त वेळा आढळतो. योनिमार्ग ताणला जाऊ शकतो, त्यामुळे पहिले काही महिने फारसे दुखत नाही आणि मग वेदना चढत जाते. साठलेल्या रक्ताचा दाब वाढला की लघवीला अडखळते, शौचाला त्रास होतो. पडद्याला बारीकसे छिद्र असेल तर पाळी संपल्यावरही तपकिरी, दुर्गंधीयुक्त स्राव जात राहतो आणि त्यावर संसर्ग म्हणून वारंवार अँटिबायोटिक दिले जाते.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या फाइलमध्ये सोनोग्राफीचे जुने रिपोर्ट होते. एकात ‘उजव्या बीजकोषात रक्ताची गाठ’ असे निदान होते, आणि त्याच रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत ‘आतड्यातील वायूमुळे उजवी किडनी दिसली नाही’ असे लिहिलेले होते. या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध कोणी लावला नव्हता. मुलगी उजव्या जांघेत मूठ दाबून बसली होती. मूत्राशय पूर्ण भरू देऊन, दुखत असतानाच सोनोग्राफी केली, तेव्हा मूत्राशयाच्या मागे खालपर्यंत गेलेली एक लांबट पिशवी दिसली, आणि तिच्यात राखाडी, दाट, सावकाश हलणारे कण होते, म्हणजेच साठलेले जुने रक्त. तिच्या माथ्यावर छोटे दुसरे गर्भाशय बसलेले होते. प्रोब उजव्या कुशीवर नेला तर यकृताच्या खाली, जिथे किडनी असायला हवी, तिथे फक्त आतडी होती आणि डावी किडनी नेहमीपेक्षा मोठी झालेली होती, कारण दोघींचे काम ती एकटी करत होती. गाठ बीजकोषात नव्हतीच. योनिमार्गातला पडदा कापल्यावर चॉकलेटी रंगाचे घट्ट रक्त बाहेर आले आणि दुखण्याचे कारण संपले.

दुसरा प्रकार म्हणजे एकशिंगी गर्भाशय आणि त्याला चिकटलेले खुरटे शिंग. यात एक नलिका पूर्ण वाढते आणि दुसरी अर्धवट राहते. एकशिंगी गर्भाशय सुमारे ४,००० स्त्रियांत एकीला असते. त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश जणींना दुसऱ्या बाजूचे खुरटे शिंगही असते आणि ते बहुधा मुख्य पोकळीला जोडलेले नसते. त्या शिंगात अस्तर नसेल तर ते आयुष्यभर निरुपद्रवी राहते. अस्तर असेल तर मात्र त्याला दर महिन्याला पाळी येते आणि रक्ताला कुठेच जायला जागा नसते. गर्भाशयाची भिंत स्नायूची असते, ती योनिमार्गासारखी ताणली जात नाही. म्हणून इथे दुखणे लवकर सुरू होते आणि फार तीव्र असते. रक्त बीजनलिकेतून उलटे पोटात गेले तर एंडोमेट्रिओसिस होतो, म्हणजे अस्तराच्या पेशी बीजकोषावर आणि आसपास रुजतात. एकशिंगी गर्भाशय असलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांत किडनीच्या रचनेत काही दोष असतो, म्हणून इथेही किडनी पाहणे आवश्यक ठरते.

आणखी दोन प्रकार अधिक फसवे आहेत. पहिल्यात गर्भाशय बाहेरून अगदी नेहमीच्या आकाराचे दिसते, पण आतला पडदा तिरका जाऊन पोकळीचा एक भाग पूर्ण बंद करून टाकतो. रॉबर्ट या फ्रेंच डॉक्टरांनी १९७०च्या सुमारास त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला ‘रॉबर्टचे गर्भाशय’ म्हणतात. भारतातूनही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. बाहेरचा आकार पाहून दुर्बिणीची तपासणीसुद्धा ‘नॉर्मल’ ठरू शकते, हे या प्रकारात ध्यानात ठेवावे लागते. दुसऱ्यात मूळ गर्भाशय संपूर्ण निर्दोष असते, पण त्याच्या भिंतीत, बहुधा पुढच्या बाजूला आणि कोपऱ्याजवळ, एक वेगळी छोटी पोकळी असते. तिला आतून अस्तर असते, भोवती स्नायूचे कडे असते आणि आत जुने रक्त साठलेले असते. स्पेनमधील आसिएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०च्या सुमारास त्याला ‘ॲक्युम’ हे नाव रूढ केले. सोनोग्राफीत ती फायब्रॉइडची, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूत वाढणारी साधी गाठ वाटते. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला फायब्रॉइड फार क्वचित होतात. या वयात तो शब्द रिपोर्टमध्ये आला तर पुन्हा एकदा नीट पाहायला सांगावे.

ज्या मुलींना वय होऊनही पाळीच येत नाही आणि दर महिन्याला पोट मात्र दुखते, त्यांच्यात योनिपटल पूर्ण बंद असणे किंवा योनिमार्गात आडवा पडदा असणे, अशी कारणे असतात. तुमच्या मुलीला पाळी येते, म्हणून त्यात शिरत नाही. मात्र एका शक्यतेचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, ती म्हणजे अडथळा नसतानाही होणारा एंडोमेट्रिओसिस. वेदनाशामके आणि हार्मोनच्या गोळ्या या दोन्हींनी आराम न पडलेल्या मुलींची दुर्बिणीने तपासणी केली तर त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश जणींत तो सापडतो. जन्मजात दोषापेक्षा ही शक्यता कितीतरी अधिक आहे. त्यामुळे गर्भाशयाची रचना निर्दोष निघाली तरी दुखण्याचा शोध तिथे संपत नाही.

आता तपासणीविषयी. तुमच्या मुलीची सोनोग्राफी पोटावरून झाली असणार, कारण अविवाहित मुलींची योनिमार्गातून तपासणी करत नाहीत आणि ते योग्यच आहे. पण पोटावरून केलेली तपासणी मूत्राशय किती भरलेले आहे आणि पाहणारा काय शोधतो आहे यावर अवलंबून असते. पाळी संपून आठवडा उलटल्यावर, अर्धवट भरलेल्या मूत्राशयाने आणि चिठ्ठीवर नुसते ‘पोटदुखी’ लिहून केलेल्या सोनोग्राफीत ‘नॉर्मल’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून पुढची सोनोग्राफी दुखण्याच्या दिवसांतच करून घ्या. दोन्ही किडन्या जागेवर आहेत का आणि त्यांची मापे किती, हे रिपोर्टमध्ये लिहून मागा. गर्भाशयाचे अस्तर दोन्ही कोपऱ्यांपर्यंत पोचलेले दिसते का, शेजारी वेगळी पोकळी किंवा साठलेले रक्त आहे का, हेही विचारा. तुमच्या जवळच्या रिपोर्टमध्ये किडनीचा उल्लेखच नसेल, तर ती तपासणी या प्रश्नापुरती अपुरी आहे असे समजा.

शंका उरली तर पुढची पायरी एमआरआय. त्यात क्ष-किरण नसतात, मुलीच्या शरीरात काही घालावे लागत नाही आणि गर्भाशयाचा बाहेरचा आकार व आतली पोकळी दोन्ही एकाच वेळी दिसतात. साठलेले जुने रक्त त्याच्या विशिष्ट प्रतिमांत पांढरे चकाकते, त्यामुळे बंद पोकळी सहसा लपून राहत नाही. चिठ्ठीवर ‘गर्भाशयाच्या जन्मजात रचनेसाठी, किडन्यांसह’ असे स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे रेडिओलॉजिस्ट गर्भाशयाच्या अक्षाला धरून प्रतिमा घेतील. खासगी केंद्रात हा खर्च परवडत नसेल तर ससून, केईएम किंवा नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशा मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयांच्या स्त्रीरोग विभागात जा. असे दुर्मीळ रुग्ण तिथे जास्त येतात, आणि हाताखालून असे रुग्ण गेलेले असणे या बाबतीत फार मोलाचे आहे. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, तीन ते सहा महिने नीट उपचार करूनही आराम नसेल तर दुसरे कारण शोधायला हवे. तुमची मुलगी तो टप्पा ओलांडून गेली आहे.

दोष निघालाच तर उपचार प्रकारानुसार ठरतो. योनिमार्गात पडदा असेल तर तो खालूनच कापून मोठी वाट करून देतात. पोटावर टाका पडत नाही. काही पालक योनिपटलाला धक्का लागेल या भीतीने ही शस्त्रक्रिया लग्नापर्यंत लांबवायला सांगतात. ती भीती कुठून येते हे मला कळते, आणि बारीक दुर्बिणीने योनिपटल जपून हे काम पुष्कळदा करताही येते. पण त्या भीतीपायी मुलीची बीजनलिका आणि बीजकोष खराब होऊ देणे मला मुळीच मान्य नाही. खुरटे शिंग असेल तर ते आणि त्याच्या बाजूची बीजनलिका दुर्बिणीने काढतात आणि बीजकोष ठेवतात. रॉबर्टच्या प्रकारात आतला पडदा काढतात, तर ॲक्युममध्ये तेवढीच गाठ कोरून काढतात. सुई टोचून नुसते रक्त काढून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर नकार द्या, कारण पोकळी पुन्हा भरते आणि आत जंतुसंसर्ग शिरण्याचा धोका वाढतो. संपूर्ण गर्भाशय काढण्याची सूचना आली तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय कागदावर सही करू नका.

खुरटे शिंग का काढावे लागते, हे समजून घेण्यासारखे आहे. ते मुख्य पोकळीला जोडलेले नसले तरी शुक्राणू पोटाच्या पोकळीतून फिरून त्या बाजूच्या बीजनलिकेत पोचू शकतात आणि गर्भ त्या शिंगात रुजू शकतो. भिंत पातळ असल्याने बहुतेकदा दुसऱ्या तिमाहीत ते फुटते आणि आईचा जीव धोक्यात येतो. असा प्रसंग १६६९ मध्ये फ्रान्समध्ये मोरिसो आणि वासाल यांनी नोंदवला होता, इतकी ही गुंतागुंत जुनी आणि ओळखीची आहे. ‘लग्नानंतर थांबेल’ हा सल्ला या मुलींच्या बाबतीत नुसता चुकीचा नाही तर घातक ठरू शकतो.

मूल होण्याविषयीची तुमची काळजी मी समजू शकते. ओहविरा असलेल्या पुष्कळ स्त्रियांना अडथळा वेळेत दूर झाल्यावर नैसर्गिकरीत्या दिवस राहतात. रॉबर्ट आणि ॲक्युममध्येही उपचारानंतर दिवस राहिल्याच्या नोंदी आहेत. एकशिंगी गर्भाशयात जागा कमी असल्याने गर्भपात, मुदतपूर्व प्रसूती आणि बाळ पायाळू असणे यांचे प्रमाण जास्त असते, म्हणून त्या स्त्रियांच्या गरोदरपणात गर्भाशयमुखाची लांबी सोनोग्राफीने पाहत राहतात आणि गरज पडली तरच टाका घालतात. गर्भाशयमुखाच्या टाक्याची जी पद्धत जगभर ‘शिरोडकर टाका’ म्हणून ओळखली जाते ती गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत काम केलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केली, हे इथे आवर्जून सांगावेसे वाटते. मूल होण्यात बाधा आणणारी गोष्ट म्हणजे निदानाला झालेला उशीर, कारण साठलेल्या रक्तातून पसरलेला एंडोमेट्रिओसिस आणि चिकटलेल्या बीजनलिका मागे घेता येत नाहीत. अडथळा लवकर दूर झाला तर मात्र त्यामुळे झालेला एंडोमेट्रिओसिस पुष्कळदा आपोआप ओसरतो.

तुमच्या घरात किंवा नात्यात कुणा मुलीला जन्मापूर्वीच्या सोनोग्राफीत एकच किडनी असल्याचे सांगितले असेल, तर त्यांनाही ही माहिती द्या. अशा मुलीचे स्तन वाढू लागले की, म्हणजे पहिली पाळी येण्याआधीच, गर्भाशय एकदा पाहून घेतले तर पुढची सगळी वणवण टळते.

तपासणी पूर्ण होईपर्यंत मुलीला दुखणे सहन करायला लावू नका. वेदनाशामक गोळी कळ पूर्ण चढण्याची वाट न पाहता, सुरुवातीलाच आणि खाल्ल्यावर द्यायची असते. मात्र एकच किडनी आहे असे निघाले तर ही औषधे डॉक्टरांना विचारूनच द्यावी लागतील. मेफेनॅमिक ॲसिड असलेल्या गोळ्या घेताना अंगावर पुरळ, ताप आणि गाठी सुजणे असे काही झाले तर लगेच बंद करा. त्याबद्दल भारतीय औषधकोश आयोगाने २०२३ मध्ये इशारा दिलेला आहे. निदान आणि शस्त्रक्रिया यांच्यात वेळ जाणार असेल तर हार्मोनच्या गोळ्या खंड न पाडता देऊन पाळीच थांबवून ठेवता येते. त्याने बंद पोकळीत नवे रक्त साठत नाही आणि पुढे मूल होण्यावर परिणाम होत नाही. मधल्या काळात लघवी अडली, दुखण्यासोबत ताप आला किंवा ती चक्कर येऊन पडली, तर एमआरआयच्या तारखेची वाट पाहू नका. जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या आणि ‘एका बाजूला रक्त साठले असण्याची शंका आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.